हिरवी बाजू

हॅलो. हॅलो. माइक टेस्टिंग. मागच्या भिंतीपर्यंत आवाज येतोय का? ज्यांना येतोय त्यांनी हात वर करा. ज्यांना येत नाही त्यांनीही करा.

*

पाटी बशीएवढी. गोल, पत्र्याची, एका बाजूने हिरवी, दुसऱ्या बाजूने लाल. इमारतीत जे जे एकटे राहतात त्यांच्या दारावर ती बाहेरून टांगलेली असते, डोळ्यांच्या उंचीवर, सुतळीने.

संध्याकाळी योजनेचं जॅकेट घातलेला पोरगा, सगळ्यांचा जॅकेटवाला, येतो आणि सगळ्या पाट्या लाल करून जातो. सकाळी उठल्यावर ज्याची त्याने दार उघडून आपली पाटी हिरवी करायची. हिरवी म्हणजे मी उठलो, ठीक आहे, माझ्या वाटेला जाऊ नका. दहा वाजता जॅकेटवाला परत येतो. हिरव्या दारापुढून न थांबता जातो. लाल दार ठोकतो.

एवढंच. वस्तीच्या मदत योजनेतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कौतुकाची गोष्ट. मोफत चष्मा, जेवणाचा डबा, वीजबिलातली सूट, सगळ्याला रांगा, सह्या, फोटो. पाटीला फक्त एक खिळा.

आणि एक कलम. महिन्यात तीनदा दार ठोकावं लागलं तर पाहणी. पाहणी म्हणजे दोन माणसं घरी येतात, गॅस तुम्हाला आठवणीने बंद करता येतो का ते बघतात, आज वार कोणता ते विचारतात, आणि मग टेकडीवरच्या म्हाताऱ्यांच्या घरातली एखादी खोली रिकामी व्हायची वाट बघतात. तिथली खोली कशी रिकामी होते ते सगळ्यांना माहीत आहे.

*

गेल्या वर्षी एका महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या कुलूपकाकांचं दार दोनदा ठोकून झालं होतं.

दोन्ही वेळा ते झोपलेले होते. रात्रभर कूस बदलायची आणि उजाडता उजाडता डोळा लागायचा, मग जेवणवेळेपर्यंत ढाराढूर. आयुष्यभर कुलपं दुरुस्त केली, तिजोऱ्या उघडून दिल्या, हरवलेल्या किल्ल्यांच्या जागी नवीन कापून दिल्या. स्वतःच्या दाराला स्वतः बनवलेली तीन कुलपं. इमारतीच्या रखवालदाराकडे सगळ्या घरांची एकेक किल्ली असते. काकांच्या नावाने असलेली किल्ली कुठल्याच कुलपाला लागत नाही हे रखवालदाराला माहीत होतं आणि काकांना ते माहीत आहे हेही त्याला माहीत होतं.

जॅकेटवाल्याने दार ठोकलं की आतून ठरलेलं उत्तर यायचं.

"जिवंत आहे. जा."

दुसऱ्यांदा ठोकलं त्याच दिवशी संध्याकाळी काकांनी समोरच्या शेजारणीला जिन्यात गाठलं. ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करते, चादरी. दिवसभर वाफेत राहून तिच्या हातांची कातडी कायम धुतल्यासारखी.

"शेजारीणबाई, तू उजाडायच्या आत निघतेस ना कामाला?"

"पहिल्या बसने. का?"

"जाता जाता माझी पाटी फिरवत जा."

"आणि तुम्ही आत आडवे पडलेले असलात तर?"

"आडवाच असतो मी. उभ्याने झोपता येत असतं तर पलंग विकला असता."

"काका, मी गंमत नाही करत."

"मीपण नाही करत." त्यांनी आवाज खाली आणला. "मी त्या टेकडीवर जाऊन आलोय. तिथल्या दारांना आतून कडी नाही. कुणीही कधीही आत येतं, तुम्ही पायजमा बदलत असलात तरी. तुम्हाला कसं माहीत म्हणून विचार."

"कसं?"

"मीच काढल्यात त्या कड्या. सगळ्या मजल्यांच्या. कंत्राट माझं होतं."

शेजारणीचा नवरा दार उघडून उभा होता. तो बस डेपोत मेकॅनिक. म्हणाला, "फिरव गं. हात काय झिजणार आहे का तुझा?"

"तू गप्प बस," ती म्हणाली. आणि काकांना म्हणाली, "मला कळायला तर हवं तुम्ही ठीक आहात ते."

"कान लाव दाराला. मी घोरतो."

"ते आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतं."

"मग झालं तर. घोरणं ऐकू आलं की फिरव. नाही आलं तर राहू दे लाल, आणि मग ठोकू देत खुशाल."

तो असा करार झाला. वाईट करार नव्हता. शहाण्या माणसांनी केला असता असाच.

*

माझ्या बंधू-भगिनींनो, उद्याच्या रहिवासी मेळाव्याची सूचना. अंगणात रक्तदाब तपासणी. कानाची मशीनं. खुर्चीत बसून करायचे व्यायाम. वीजबिलाच्या टेबलावर जुनी बिलं आणा, नवीन नकोत. आणि शेवटी बक्षीस समारंभ, वर्षभर हिरव्या राहिलेल्या मजल्याला ढाल. कुठला मजला ते मी आत्ता सांगणार नाही. तिसरा.

*

*शुक्रवार, दाराबाहेरून*

शेजारीण पिशवी खांद्यावर टाकून बाहेर आली. जिन्यातला दिवा पिवळा. पाटी लाल.

तिने रोजच्यासारखा कान लावला. हे ती कधीच चुकवत नसे. उशीर झालेला असला तरी नाही, नवऱ्याशी भांडून निघाली असली तरी नाही. कान लावायचा, ऐकायचं, मग फिरवायची. करार म्हणजे करार.

आतून आवाज आला. लांब, खरखरीत, मधेच तुटणारा, परत सुरू होणारा. आज जरा वेगळा होता, जड वस्तू फरशीवरून ओढावी तसा. रात्री पुन्हा उशिरापर्यंत जागले असणार. आता चढावर लागलीय गाडी, असं तिच्या मनात आलं आणि तिला हसू आलं.

तिने पाटी फिरवली. पत्रा लाकडावर टक् वाजला.

बस मिळाली.

*

*शुक्रवार, दाराच्या आतून*

पलंग आणि मोरी यांच्या मधल्या फरशीवर, कालच्या संध्याकाळपासून.

मेळाव्यासाठी चांगली पँट घालून बघत होते. मजल्याच्या वतीने ढाल घ्यायला सगळ्यात वयस्क म्हणून त्यांना बोलावणार होते. पँट जुनी, कमरेला होते की नाही कोण जाणे. एका पायावर उभे राहिले. एक पाय पँटीत गेला. दुसरा जायचा राहिला.

पडताना जो आवाज झाला तो त्यांनी ओळखला. घट्ट बसलेलं कुलूप तोडताना आतला दांडा मोडतो तसा.

दुखत होतं तोवर ओरडले. मग घसा बसला. मग ठरवलं की ओरडायचं नाही, दम राखून ठेवायचा. हिशोब सोपा होता. पाटी लाल आहे. सकाळी शेजारीण येईल. कान लावेल. घोरणं ऐकू येणार नाही. हात न लावता निघून जाईल. दहा वाजता ठोकतील. आणि त्यांच्या आधीच तिच्या लक्षात आलं तर आणखी बरं, म्हणून ती दारापाशी आली की उरलासुरला दम एकदम काढायचा.

पावलं आली. थांबली.

काकांनी छातीत होतं तेवढं सगळं लावलं. "शेजारी" असं म्हणायचं होतं. शब्द झालाच नाही. नुसता आवाज झाला, लांब, खरखरीत. त्यांनी परत केला. परत

टक्.

हा आवाज ते वर्षभर झोपेत ऐकत आले होते. तो ऐकला की ते कुशीवर वळत आणि आणखी गाढ झोपत. आता कुणी येणार नाही, असं सांगणारा आवाज.

पावलं जिना उतरून गेली.

*

शुक्रवारी दहाला जॅकेटवाला आला. हिरवी. पुढे गेला.

शुक्रवारी संध्याकाळी जॅकेटवाला आला, पाटी लाल केली, टक्. खाली अंगणात मांडव घालणं चाललं होतं, गाणी लावली होती, खुर्च्यांचे लोखंडी पाय फरसबंदीवर घासत होते. तिसऱ्या मजल्यावरून कुणी हाक मारली असती तर ती कुणाला ऐकू गेली नसती. हाक मारली गेली होती.

मग माइक सुरू झाला. मागच्या भिंतीपर्यंत आवाज येतोय का? ज्यांना येतोय त्यांनी हात वर करा.

काकांना नीट ऐकू येत होतं. त्यांनी हात वर केला. किती वेळ तसाच धरला होता ते त्यांना कळलं नाही.

शनिवारी सकाळी शेजारणीने कान लावला. आवाज होता, पण बारीक. दाराच्या आत पिठाची गिरणी फार लांब चालू असावी तसा. आज शांत झोपलेत, तिला वाटलं. मेळाव्याला ताजेतवाने दिसतील. तिने पाटी फिरवली.

*

अंगणात ऊन आणि गर्दी. रक्तदाबाच्या टेबलापाशी सगळ्यात मोठी रांग, कारण तिथे बसायला खुर्ची होती. शेजारीण अर्धी पाळी करून थेट मेळाव्याला आली होती. नवऱ्याने तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती.

"काका कुठे आहेत?"

"येतील. नवरदेवाला वेळ लागतोच."

माइकवर वस्तीच्या योजनांची संयोजिका होती. तिला सगळे माइकबाई म्हणत, समोरसुद्धा. योजना तिने एकटीने उभी केली होती, दारोदार खिळे स्वतः ठोकले होते. माइक हातात असला की तिचा आवाज पत्र्यासारखा वाजायचा.

तर आता वर्षभर हिरव्या राहिलेल्या मजल्याचा सत्कार. एकही दिवस लाल नाही, मंडळी. एकदाही दार ठोकावं लागलं नाही. ढाल स्वीकारायला येत आहेत आपल्या सगळ्यांचे कुलूपकाका. जोरदार टाळ्या.

टाळ्या झाल्या. कुणी उठलं नाही.

कुलूपकाका. या ना, काका, लाजू नका.

"कुलपं लावत असेल," मागून एक आजी म्हणाल्या. "तीन लावायची म्हणजे वेळ लागतो."

"आणि किल्ली आत राहिली असेल तर?"

"तर कुलूपवाल्याला बोलवावं लागेल."

हशा पिकला. माइकबाईही हसली आणि ते हसणं सगळ्या अंगणात, भिंतींवर, उघड्या खिडक्यांमधून वरच्या खोल्यांमध्ये गेलं.

शेजारणीने उभं राहून जॅकेटवाल्याला हाताने खुणावलं. "तू बघितलंस त्यांना आज?"

"पाटी बघितली. हिरवी आहे."

"त्यांना बघितलंस का?"

"हिरव्याला कशाला बघू, ताई? वरून बोलणी खायची का मी?"

त्याचं चुकलं नव्हतं. ती परत बसली. पुढच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ उन्हात पेंगले होते आणि मान मागे टाकून घोरत होते. त्यांच्या सुनेने त्यांना कोपर मारलं, ते थांबले, परत सुरू झाले. शेजारीण ते ऐकत राहिली, काही विचार न करता, जसं पंख्याचा आवाज ऐकावा. श्वास आत. श्वास बाहेर. आत. बाहेर. आत जाताना घर्र, बाहेर येताना फुस्स.

आत जाताना.

दाराआडच्या आवाजाला आत जाणं नव्हतं. तो नुसता बाहेर येत होता.

ती इतक्या झटकन उठली की खुर्ची मागच्या बाईच्या पायावर पडली.

*

दार.

दारावर पाटी, हिरवी.

"काका."

घंटी. परत घंटी.

"काका, मी आहे."

रखवालदार किल्ली घेऊन आला, तीच ती, कशालाच न लागणारी. तिन्ही कुलपांना लावून बघितली कारण हातात किल्ली आहे म्हटल्यावर माणूस दुसरं काय करणार. जॅकेटवाला म्हणाला खांद्याने ढकलू. नवरा म्हणाला ढकलून काय करतोस, बाहेर उघडणारं दार आहे. कुणीतरी म्हणालं कुलूपवाल्याला बोलवा आणि या वेळी कुणी हसलं नाही.

शेजारणीने सगळ्यांना गप्प केलं आणि कान लावला.

आतून, फरशीजवळून, फुटका आवाज आला. शब्द होते.

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत," ती म्हणाली आणि थांबली. "म्हणतायत, कुलपांना हात लावू नका. बिजागऱ्या काढा."

ते नेहमी सांगायचे, लोक कुलपात जीव ओततात आणि बिजागरी कुणी बघतच नाही, बाहेरची असेल तर पोरसुद्धा काढेल. नवऱ्याने पाना-पक्कड आणली. खाली माइक चालूच होता, तिसऱ्या मजल्याची ढाल तात्पुरती दुसऱ्या कुणाला तरी देण्यात येत आहे, टाळ्या. पहिली खीळ निघाली. दुसरी निघाली. दार कुलपांच्या बाजूने लोंबकळत उलटं उघडलं, जणू आजवर चुकीच्या बाजूनेच उघडत होतं.

आत पलंग नीट लावलेला. चांगला कोट खुर्चीच्या पाठीवर. जमिनीवर काका, एक पाय पँटीत. ओठ फुटलेले. खोलीत जो वास होता त्याबद्दल पुढे कुणी कधी बोललं नाही.

शेजारीण गुडघ्यांवर बसली. तिने त्यांच्यावर पलंगावरची चादर टाकली. तेवढ्यात, हातांनी सवयीने, चादरीची एक कडा सरळ केली.

"दहा वाजले का गं?" काकांनी विचारलं.

*

हॉस्पिटलमध्ये त्यांना ज्या चादरी घातल्या त्या तिच्याच लाँड्रीतल्या होत्या. तिने कोपऱ्यावरचा शिक्का बघितला.

चौथ्या का पाचव्या दिवशी माइकबाई ढाल घेऊन आली. फोनवर काकांची लेक होती, लांबच्या गावी राहणारी, फोन उशीजवळ उताणा ठेवलेला. शेजारीण खिडकीपाशी उभी होती.

"काका, एक विचारायचंय. आम्हाला वर लेखी द्यावं लागतं." माइकशिवाय बाईचा आवाज घोगरा आणि अगदी हळू होता. वर्षभर ओरडून घसा गेलेल्या माणसाचा. "शुक्रवारी आणि शनिवारी पाटी हिरवी कशी होती?"

शेजारणीने तोंड उघडलं.

"मी फिरवली," काका म्हणाले.

"तुम्ही?"

"मग कोण? माझी पाटी आहे."

"तुमचं हाड मोडलेलं होतं, काका."

"सरकत गेलो. दार उघडलं. फिरवली. परत आलो."

"डोळ्यांच्या उंचीवर असते ती."

"हात लांब आहेत माझे."

"बरं. दार उघडलंत, तर मग कुणाला हाक का नाही मारलीत?"

काकांनी थोडा विचार केला. ते दमले होते. "पाटी हिरवी होती ना," ते म्हणाले. "हिरवी असताना कशाला कुणाला बोलवायचं?"

फोनमधून लेक रडायला लागली. "बाबा असे नव्हते हो," ती म्हणत होती. "बाबांना तीन कुलपांच्या किल्ल्या अंधारात ओळखू यायच्या. बाई, त्यांना आता एकटं नका ठेवू. तुम्हीच बघा काहीतरी."

माइकबाईने मान हलवली, फोनला दिसत नाही हे विसरून. मग म्हणाली, "गोंधळलेत ते. मी तसं लिहिते. तसं लिहिलं की खोली लवकर मिळते."

काका शेजारणीकडे बघत होते. तिने काही बोलायचं नाही असं त्या नजरेत स्पष्ट होतं. त्यात गोंधळ कुठेच नव्हता.

*

ती बाहेर व्हरांड्यात माइकबाईच्या मागे धावली.

"पाटी मी फिरवली."

माइकबाई चालत राहिली.

"बाई, थांबा. वर्षभर मीच फिरवत होते. त्यांना सकाळी जाग येत नाही. आमचं ठरलं होतं. मी घोरणं ऐकून फिरवायचे. त्या दिवशी मी जे ऐकलं ते घोरणं नव्हतं. ते गोंधळलेले नाहीत, माझ्यासाठी खोटं बोलतायत."

माइकबाई थांबली. ढाल तिच्याच हातात राहिली होती, देता देता राहून गेली होती. तिने ती दुसऱ्या बगलेत घेतली.

"हे तुम्ही मला सांगितलेलं नाही."

"आत्ता सांगितलं."

"मी ऐकलं नाही." मग म्हणाली, "ताई, तुम्ही म्हणता तसं मी लिहिलं तर काय होईल? सांगा मला. वर्षभर पाटी दुसऱ्याने फिरवली, म्हणजे वर्षभर त्यांना स्वतः फिरवता आली नाही. पाहणी होणारच. हाड मोडलंय, जिना आहे, लेक लांब आहे. ते टेकडीवर जाणारच. मी गोंधळलेत लिहिलं काय, नाहीतर खोटारडे लिहिलं काय."

"पण खरं..."

"खरं लिहिलं की वरचे विचारतील, एक पाटी अशी निघाली तर बाकीच्यांचं काय? आणखी कुणाची शेजारीण फिरवतेय? मग सगळ्या उतरवतील. खर्च वाचला म्हणून खूशच होतील. मग लालसुद्धा कुणी ठोकणार नाही." तिने शेजारणीच्या हातांकडे बघितलं, त्या धुतल्यासारख्या कातडीकडे. "किती जणांच्या पाट्या शेजारी फिरवतात असं वाटतं तुम्हाला? मी मूर्ख आहे का? मला माहीत नाही का?"

"मग तुम्ही थांबवत का नाही?"

"कारण जो फिरवतो तो निदान दारापर्यंत येतो."

तिने ढाल शेजारणीच्या हातात दिली. "मजल्यावर लावा," म्हणाली, आणि गेली.

ढाल तिसऱ्या मजल्यावर लागली नाही. नवऱ्याने ती गादीखाली ठेवली, मग माळ्यावर. काकांच्या खोलीत पुढे एक विधुर आले, त्यांनी तिन्ही कुलपं काढून बाजारातलं एक लावलं. पाटी तीच. शेजारीण कामाला जाताना त्यांच्या दाराकडे न बघता जिना उतरते. ते स्वतः फिरवतात. लवकर उठणारे आहेत.

*

टेकडीवरच्या घरात दुपारी भेटायला सोडतात.

खोली स्वच्छ होती. पलंग, कपाट, खिडकी, खिडकीला जाळी. काका उशीला टेकून बसलेले. बारीक झाले होते, आणि त्यांच्या बोलण्यात आता मधे मधे भोकं पडायची. लेकीचं नाव घेताना बहिणीचं घ्यायचे. माइकबाईने लिहिलेलं हळूहळू खरं होत चाललं होतं.

पण दाराबद्दल बोलताना ते अजूनही नेमके असायचे.

"तिथे बघ. कडीच्या जागी."

तिने बघितलं. दाराच्या आतल्या बाजूला, हाताच्या उंचीवर, रंगाखाली चार बारीक गोल ठिपके.

"स्क्रूची भोकं. पुट्टी मी भरली. अजून उडाली नाही."

"चांगली भरलीय, काका."

"चांगलीच भरली." एक परिचारिका न ठोकता आत आली, गोळी दिली, तोंड उघडायला लावून गिळली का बघितलं, गेली. काकांनी ती यायच्या आधी आणि गेल्यानंतर काहीच बदललं नाही अशा चेहऱ्याने भिंतीकडे बघितलं.

मग म्हणाले, "शेजारीणबाई."

तिला ओळखलं, याचं तिला बरं वाटलं.

"बाहेर काय आहे गं दारावर? कुठली बाजू?"

दारावर काही नव्हतं. इथे पाट्या नसतात. तिला हिरवी म्हणणं सोपं होतं, जिभेवर आलंही होतं. हिरवी म्हटलं की ते कुशीवर वळले असते.

"लाल," ती म्हणाली.

काकांनी मान डोलावली. अंगावरचं पांघरूण नीट केलं. सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"मग येतील," ते म्हणाले, आणि दाराकडे बघत बसले.

ती थोडा वेळ बसली. ते तिच्याशी बोलेनात. डोळे दारावर होते. खिडकीबाहेर बस वळून थांब्याला लागत होती, तिची बस. पुढची फार उशिरा होती.

ती उठली. बाहेर गेली, दार मागे ओढून घेतलं. लागण्यासारखं त्यात काही नव्हतंच, ते नुसतं चौकटीला टेकलं. व्हरांड्यातून गाडा ढकलत नेणारी परिचारिका म्हणाली, "काही विसरलात का? जा ना आत, उघडंच आहे."

शेजारणीने हाताची मूठ केली आणि दार ठोकलं.

आत काही हललं नाही.

तिने परत ठोकलं. जॅकेटवाला ठोकायचा तसं, घाईने नाही, पण हटायचं नाही असं.

"जिवंत आहे," आतून आवाज आला.

ती नेहमीच्या पुढच्या शब्दाची वाट बघत थांबली. बस गेली. तो शब्द आला नाही.